विकायला काढलेले घर आणि फुफीचा हिस्सा

जुन्या नाशकात घर विकायचे ठरले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आम्हीही तेच केले.

चौक मंडईच्या मागच्या बाजूला एका गल्लीत आमचे घर. दगडी जोते, वर विटा-मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, पुढे ओटा आणि मागे छोटेसे अंगण. 2019 मध्ये अब्बांचा इंतेकाल झाला. त्यानंतर अम्मी तिथे जवळजवळ एकटीच राहत होती. आम्ही पाच भावंडे, तिघी बहिणी आणि दोघे भाऊ. थोरले भाईजान रियाधला, बाकीचे वडाळा रोड, पाथर्डी फाटा आणि पुणे असे पांगलेले. पावसाळा तोंडावर आला की महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. आमच्या घराला नोटीस नव्हती, पण एका पावसात दोन गल्ल्या पलीकडे एका वाड्याची भिंत बसली आणि अम्मीची झोप उडाली. जिनाही तिला आता झेपत नव्हता. तेव्हा घर विकायचे आणि अम्मीला वडाळा रोडला आणायचे, असे ठरले.

रंगारी आला, भिंती मोजून आकडा सांगून गेला. एजंट आला. “दर्शनी भाग चकाचक करा, आत पुट्टी मारा, सिंहस्थ 2027 चा आहे, भाव येईल,” असे त्याचे म्हणणे. कागद एकदा वाचून घ्यावेत म्हणून आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पुढे ओढले, चष्मा लावला आणि विचारले, “1974 ला तुमचे दादा वारले. त्यांच्या जागी तुमच्या अब्बांचे एकट्याचे नाव लागले आहे. दादांना मुली किती?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर अम्मीने दिले. “एक. येवल्याला दिलीय.”

फुफी. वर्षातून दोनदा ईदला येणारी, आमच्या हातावर पैसे ठेवणारी, ओट्यावर बसून पान लावणारी आमची फुफी. घराच्या कागदाशी तिचा काही संबंध असेल हे पन्नास वर्षांत कुणाच्या मनात आले नव्हते. किंवा आले असेल आणि कुणी बोलले नसेल.

वकीलसाहेबांनी तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तो इथे देत आहोत, कारण अनेक घरांना तो लागू पडेल. मुस्लिम कायद्यात ‘एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत’ ही कल्पनाच नाही. मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. माणूस जिवंत आहे तोवर मालमत्ता त्याची. त्याचा श्वास थांबला की त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो, मग उताऱ्यावर कुणाचेही नाव असो. 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमीन सोडून इतर मालमत्तेच्या वारसाहक्काला हाच नियम लागू केला आहे. सिटी सर्व्हेतली नोंद ही फक्त नोंद असते. तिच्यामुळे मालकी मिळत नाही आणि नाव सुटले म्हणून मालकी जातही नाही.

दादा गेले तेव्हा दादी आधीच गेलेल्या होत्या. वारस दोनच, मुलगा आणि मुलगी. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. म्हणजे घरातला एक तृतीयांश हिस्सा 1974 पासूनच फुफीचा होता. अब्बांचा होता तो दोन तृतीयांश, आणि आमच्याकडे आला तो त्यातून. अब्बांच्या मागे अम्मी, दोन मुलगे, तीन मुली. अम्मीला आठवा हिस्सा, उरलेले मुला-मुलींत दोनास एक. सगळ्या घराचे बारा भाग केले की हिशेब सुबक बसतो: फुफीचे चार, अम्मीचा एक, भावांचे प्रत्येकी दोन, बहिणींचा प्रत्येकी एक. समजा घर साठ लाखांना गेले, तर फुफीला वीस लाख, अम्मीला पाच, भावांना दहा-दहा, बहिणींना पाच-पाच.

हा आकडा ऐकल्यावर धाकट्या भावाचा चेहरा उतरला. फुफी मोजली नाही तर त्याच्या वाट्याला पंधरा येत होते, आणि त्याने त्या पंधराच्या भरवशावर मुलाच्या शिक्षणाचे गणित मांडले होते. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. नंतर म्हणाला, “अब्बांनी फुफीच्या मुलींच्या शादीत खर्च केला नाही का? दरवर्षी कपडे, धान्य गेले नाही का?” गेले होते, आणि खोटे बोलत नव्हता तो. पण अम्मी म्हणाली, “ते भावाने बहिणीला दिले. घर बापाने मुलीला दिले आहे. हे त्यात कसे कापणार?”

एजंटाने तोड सुचवली. फुफीकडून हक्कसोड पत्र घ्या. रक्ताच्या नात्यात मुद्रांक नाममात्र लागतो, एका सकाळचे काम, फुफी काही नाही म्हणणार नाहीत.

त्याचे शेवटचे वाक्य अगदी खरे होते, आणि तिथेच आम्ही थांबलो. आपल्या मोहल्ल्यांत बहिणींची हक्कसोड कशी होते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आदल्या दिवशी बिर्याणीची दावत, एक सूट, ‘माहेर कायम राहील’ असा दिलासा, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो. कायद्याच्या कागदावर ते ‘स्वखुशीने’ असते. नमाज, रोजा, जकात यांत एका पैशाची चूक होऊ नये म्हणून आपण जपतो. सूरह अन-निसाच्या सातव्या आणि अकराव्या आयतीचा विषय निघाला की मात्र ‘आमच्याकडे बहिणी घेत नाहीत’ असे अभिमानाने सांगतो. सातव्या आयतीत तर मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला हिस्सा आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. तिथे ‘मागितला तर’ अशी अट नाही.

आम्ही मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, आधी तिचा हिस्सा तिच्या हातात जाऊ द्या, तिच्या ताब्यात. नंतर तिला वाटले तर ती कुणालाही देईल, ती तिची भेट. हातात न देता माफ करून घेणे म्हणजे लाजेखातर घेतलेली माफी. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तीही अनेकांना ठाऊक नसते. बाप जिवंत असताना मुलीकडून ‘मला काही नको’ असे लिहून घेतात, त्याला अर्थ नाही. ज्या वस्तूवर अजून हक्कच आला नाही ती सोडणार कशी? आपल्या न्यायालयांचेही सर्वसाधारण म्हणणे असेच आहे. मात्र त्या बदल्यात मोबदला घेतला असेल तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो.

भाईजानशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले. ते एवढेच म्हणाले, “आधी फुफीचे नाव लावा, मग विकू.” धाकटा मान खाली घालून ‘ठीक आहे’ म्हणाला. मनापासून म्हणाला असे आम्ही लिहिणार नाही. हा लेख तोही वाचणार आहे.

आम्ही चौघे येवल्याला गेलो. फुफी आता ऐंशीच्या घरात आहे. पत्र्याचे घर, पुढे पडवी. चहा झाला, आम्ही कागद काढला, हिशेब सांगितला. तिने तो दोनदा सांगायला लावला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “मी मागितले नाही, कारण मागितले असते तर ईदला कुठे आले असते?”

पन्नास वर्षांच्या गप्प राहण्याला आम्ही राजीखुशी समजत होतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण घर विक्रीला तयार करणे म्हणजे मुख्यतः हेच, म्हणून थोडक्यात सांगतो. दादांचा मृत्यूचा दाखला हवा होता. नाशिक महापालिका 1982 ची, त्याआधी इथे नगरपालिका होती. जुन्या नोंदवहीतून उतारा काढायला तीन फेऱ्या झाल्या. मग वारसांचे प्रतिज्ञापत्र, वंशावळ, अर्ज, नोटिसा आणि हरकतीची मुदत. उताऱ्यावर फुफी, अम्मी आणि आम्ही पाच अशी सात नावे लागायला काही महिने गेले. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या एका फायलीत लावल्या. उताऱ्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक असतो, म्हणून मोजणी करून घेतली. भाईजानचे मुख्त्यारपत्र रियाधच्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन आले. परदेशातून आलेल्या मुख्त्यारपत्राला महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावावा लागतो. पाकीट कपाटात ठेवून विसरू नका.

वाटणीच्या आधी कर्ज फेडायचे असते, हे सगळ्यांना माहीत असते. न दिलेला मेहर हेही पतीवरचे कर्जच आहे, हे विसरले जाते. अम्मीचा 1971 चा मेहर होता 786 रुपये. “मी कधीच माफ केले,” म्हणत ती हसायला लागली. तरी आम्ही आठ नोटा तिच्या हातात ठेवल्या. चौदा रुपये परत देण्यासाठी तिने बटवा उघडला, यावर त्या दिवशी घरात खूप हसलो.

आता रंगाबद्दल. रंगाऱ्याने मागच्या खोलीची भिंत पाहिली, तिला ओल होती. आतली नळाची लाइन कधीची पाझरत होती. वरच्या एका तुळईला वाळवी लागलेली. “पुट्टी मारतो, वर प्लास्टिक पेंट. तुळई पीओपीत झाकून टाकू. दोन पावसाळे कुणाला कळणार नाही,” तो म्हणाला. चांगला माणूस आहे तो. सगळे असेच करवून घेतात, म्हणून तो आपणहून सुचवतो.

मदीनेच्या बाजारातली ती घटना आपण लहानपणापासून ऐकतो. प्रेषित (स.) धान्याच्या ढिगापाशी थांबले, हात आत घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, हेही बजावले. ही हदीस आपण दुधात पाणी घालणाऱ्याला ऐकवतो. ओल्या भिंतीवर पुट्टी मारताना ती आठवत नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो: 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हक्कातला दोषही त्यात आला. म्हणजे लपवलेली फुफी आणि लपवलेली वाळवी, दोन्ही एकाच कलमात!

आम्ही नळाची लाइन बदलली, कारण ती बदलण्यासारखी होती. तुळई तशीच उघडी ठेवली. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी मागच्या खोलीत नेले. पहिली दोन गिऱ्हाइके तिथूनच परत फिरली, आणि एजंट आमच्यावर वैतागला. तिसऱ्याने आपला मिस्त्री आणला, त्याने खर्च काढला, तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली. त्यानंतर त्याने एकदाही घासाघीस केली नाही.

रंगावर खर्च करणाऱ्यांसाठी एक सूचना. मातीच्या भिंतीला प्लास्टिक किंवा ऑइल पेंट लावू नका, ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. साधा चुना लावा, स्वस्त पडतो आणि भिंत कोरडी राहते. शिवाय जुन्या नाशकात घेणारा बहुतेक वेळा जागा घेत असतो, घर नाही. त्याला तुमच्या दिवाणखान्याचा गुलाबी रंग नको असतो, स्वच्छ उतारा हवा असतो. वायरिंग ठीक करा, गळके नळ बदला, कौले आणि पन्हळ पाहा, माळ्यावरचा कचरा काढा, खिडक्या उघडून घर हवेशीर करा. एवढे पुरे.

शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इस्लामी फिकहमध्ये शुफ्आ म्हणून एक हक्क आहे. सहहिस्सेदाराला, आणि हनफी मतानुसार शेजाऱ्यालाही, विक्रीत अग्रक्रम. केवळ शेजारी म्हणून असा हक्क आज भारतीय न्यायालयात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 मध्येच घटनाबाह्य ठरवला. पण सहीह बुखारीत ह. अबू राफे (रजि.) यांची हकीकत आहे. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्या त्यांना विकायच्या होत्या. ह. सअद चार हजार दिरहम देऊ म्हणाले, तेही हप्त्यांनी. दुसरीकडून पाचशे दीनार मिळत होते, म्हणजे जास्तच. तरीही अबू राफेंनी त्या खोल्या ह. सअदना दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क मोठा असल्याचे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

आम्ही भिंतीला भिंत असलेल्या चाचांकडे गेलो. तुम्हाला घ्यायचे असेल तर आधी तुम्हाला, असे सांगितले. त्यांच्याकडे पैसे नव्हते. पण विचारल्यामुळे दुसरीच गोष्ट निघाली. त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या अंगणाच्या कडेने गटारीला जाते, तीन पिढ्यांपासून. अब्बांच्या काळात कागदाची गरज नव्हती. नवा मालक वाट बुजवील, ही धास्ती चाचांना आमच्या रंगाऱ्याला पाहिल्या दिवसापासून होती, आणि ते बोलत नव्हते. आम्ही घेणाऱ्याला सांगितले, त्याने मान्य केले, आणि सांडपाण्याची ती वाट खरेदीखतात लिहिली गेली. घर विकताना आपण चाव्यांबरोबर शेजाऱ्यांनाही कुणाच्या तरी हवाली करून जातो.

पैशांबाबत आमचे एक मत पक्के झाले. एजंट म्हणत होता, थोडे रोखीत घ्या, मुद्रांक वाचेल, कर वाचेल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, हे तर आहेच. पण घरातल्या नजरेने पाहा. रोख रक्कम कुणाच्या हातात पडते? जो पुरुष व्यवहाराला बसलेला असतो त्याच्या. कागदावर चाळीस आणि रोखीत वीस घेतले की बहिणीला चाळीसमधला हिस्सा मिळतो आणि वीसची कहाणी तिला कळतही नाही. म्हणून खरेदीखतात सातही जणांचा हिस्सा, रक्कम आणि बँकेचा तपशील वेगवेगळा लिहून घेतला. फुफीचे बँकेत खाते नव्हते, ते तिच्या एकटीच्या नावाने उघडले. कराचेही ज्याचे त्याने पाहायचे असते: घर 2001 च्या आधीचे असेल तर 1 एप्रिल 2001 चे मूल्य मूल्यांककाकडून काढून घ्या, आणि हिस्सेदार परदेशात असेल तर त्याच्या रकमेतून होणारी करकपात वेगळी असते, म्हणून साठेखत होण्याआधीच सीएला विचारा.

खरेदीखताच्या दिवशी फुफीला येवल्याहून गाडीने आणले. कार्यालयात तिला फोटोसाठी पुढे बोलावले तेव्हा ती दुपट्टा नीट करत विचारत होती, “सोडायचा कागद आहे की विकायचा?” विकायचा, असे आम्ही तिघीही बहिणींनी एकदम सांगितले. मग तिने सही केली. सावकाश, पूर्ण नावाची.

घर रिकामे करायला आठ दिवस लागले. जीर्ण झालेले कुरआन शरीफ कपड्यात बांधून मस्जिदीत दिले. अब्बांच्या डायऱ्या वाटून घेतल्या, त्यांत बहुतेक किराण्याचे हिशेब आहेत. भांड्यांवरून बहिणींत थोडी कुरबुर झाली, तीही मिटली. फुफीला विचारले, तुला काय हवे? तिने दादींचा तांब्याचा बंब मागितला. माळ्यावर होता, काळा पडलेला, एक कडी तुटलेली. भंगारात देणार होतो आम्ही तो.

घराचे पैसे पुन्हा घरात घालावेत, नाहीतर त्यांत बरकत राहत नाही, अशा अर्थाची एक हदीस इब्ने माजात आहे. फुफीला ती कुणी सांगितली की नाही ठाऊक नाही. पण बकरी ईदनंतर आम्ही येवल्याला गेलो तेव्हा पत्रे निघाले होते आणि स्लॅब पडला होता. या वेळी आम्ही तिच्याकडे ईदला गेलो होतो. पडवीच्या कोपऱ्यात घासूनपुसून लाल केलेला बंब पेटलेला होता, आणि ती धाकट्याला म्हणत होती, “बेटा, आधी अंघोळ करून घे, पाणी तापलेय.”